रेंज नाही म्हणू नका, हक्क नाकारला म्हणा



कात्रपमधील आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाली की एक टेबल मांडले जाते. टेबलावर एक जुना लॅपटॉप, एक प्रिंटर आणि कागदांचा गठ्ठा असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचा दाखला, जात पडताळणी, सीईटीचे फॉर्म, रेशनकार्डातील नावाची दुरुस्ती अशी कामे आम्ही चार-पाच जण तिथे बसून करतो. पैसे घेत नाही. सुरुवात केली तेव्हा वाटले होते की कात्रप, बेलवली, मांजर्ली इथली मुले येतील. तीही येतात. पण आता टेबलासमोर बसणाऱ्यांत अंबरनाथ आणि मुरबाड तालुक्यांच्या खेड्यापाड्यांतली मुले बरीच असतात. ती पहाटे निघतात, एसटी किंवा वडाप पकडतात आणि बदलापूरला येतात. कशासाठी? नेटसाठी. अर्ज भरायला त्यांना आमची गरज नसते, त्यांना तो नीट भरता येतो. गावात फक्त रेंज नसते.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. बौद्ध कुटुंबातली, वडील वीटभट्टीवर, बारावी चांगल्या गुणांनी पास, पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला. तिने महाडीबीटीवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला होता. कॉलेजने एक कागद अस्पष्ट आहे म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी तिच्या लॉगिनला परत पाठवला. मेसेज आला, पण फोनला रेंज मिळाली तेव्हा. ती धावत टेकडीवर गेली, पान उघडेना. दुसऱ्या दिवशी वीज गेली, टॉवरही गेला. ती आमच्यापर्यंत पोहोचली तेव्हा पोर्टल बंद झाले होते. "दादा, तारीख गेली का हो?" एवढेच तिने विचारले. आम्ही अर्ज केले, फोन केले, कॉलेजला जाऊन भेटलो. उपयोग झाला नाही. कॉलेजने पूर्ण फी मागितली. आज ती मुलगी वर्गात नाही, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते.

या घटनेबद्दल आम्ही ज्यांना ज्यांना सांगितले त्यांनी एकच उत्तर दिले: "काय करणार, त्या भागात रेंजच नाही."

मित्रांनो, आमचा आजचा वाद या वाक्याशी आहे.

'रेंज नाही' हे वाक्य आपण 'पाऊस नाही' या चालीवर बोलतो. जणू ती निसर्गाची करणी आहे, कोणाचा दोष नाही, कोणाला जाब विचारायचा नाही. पाऊस कोणाच्या हातात नसतो. टॉवर कुठे उभा करायचा, केबल कुठपर्यंत न्यायची, पंचायतीतल्या पेटीची वीज कोणी भरायची, हे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. निर्णय आहेत म्हणजे त्यांना जबाबदार माणसेही आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की रेंज नाही असे म्हणू नका, हक्क नाकारला असे म्हणा.

हा फरक शब्दांचा वाटत असेल तर महाड आठवा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदावर चवदार तळे तेव्हाच सगळ्यांचे झाले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदातला हक्क जमिनीवर आला. त्यानंतरही नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

महाडच्या अस्पृश्यांनाही दुसरीकडून पाणी आणण्याचा सल्ला देणारे होतेच. बाबासाहेबांनी लोकांना लांबचा झरा दाखवला नाही. तळे सार्वजनिक आहे आणि आम्ही त्या सार्वजनिकाचा भाग आहोत, ही त्यांची भूमिका होती.

आता मोबाईलच्या लहरींकडे या दृष्टीने पाहा. त्या कोणाच्या आहेत? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर सार्वजनिक हितासाठीच झाला पाहिजे, असे त्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. सरकार या लहरींचे विश्वस्त आहे, मालक नाही. ते लिलाव करून ठरावीक मुदतीसाठी कंपन्यांना लहरी वापरायला देते. मुंबईच्या मलबार हिलवरची लहर जितकी सार्वजनिक, तितकीच मुरबाडच्या पाड्यावरून जाणारी लहरही सार्वजनिक. तळे सगळ्यांचे आणि पाणी मात्र काठावरच्यांना, ही महाडची स्थिती आज आपल्या डोक्यावरच्या आकाशात आहे.

"पण एवढ्या आडगावात टॉवर लावणे कंपनीला परवडत नाही," असे उत्तर येते. या उत्तराचा हिशेब नीट करू.

कंपनीच्या दृष्टीने टॉवर हे दुकान आहे. गिऱ्हाईक जास्त आणि रिचार्ज मोठा तिथे टॉवर दाट. सह्याद्रीच्या पायथ्याला गावे विखुरलेली, मध्ये डोंगर आणि जंगल. डोंगर आडवा आला की सिग्नल तुटतो, म्हणून तिथे खरे तर जास्त टॉवर लागतात. पण माणसे कमी आणि गरीब, म्हणून तिथेच टॉवर सर्वांत कमी. जो टॉवर आहे त्याची बॅटरी वीज गेल्यावर काही तासांत उतरते आणि डिझेल घालायला कोणी फिरकत नाही. बदलापूरहून बारवी धरणाच्या दिशेने निघा आणि फोनकडे बघत राहा. टॉवरच्या कांड्या एकेक करून कमी होतात. गंमत अशी की त्याच बारवी धरणाचे पाणी ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना आणि कारखान्यांना जाते. धरणासाठी जमीन आणि जंगल खेड्यांनी दिले. पाणी पाइपाने शहरात पोहोचले, शहरातली केबल मात्र उलट दिशेने खेड्यात आली नाही.

'परवडत नाही' हे कारण सरकारला आधीपासून माहीत होते. त्यासाठीच १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला आणि २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम या निधीत जाते. जिथे धंदा परवडत नाही तिथे सेवा पोहोचवणे, हाच त्याचा उद्देश. दूरसंचार कायदा २०२३ ने त्याचे नाव डिजिटल भारत निधी केले. कंपन्यांचा महसूल येतो कुठून? आपल्या रिचार्जमधून. वीटभट्टीवरचा मजूर रिचार्ज करतो तेव्हा त्याच्या पैशातलाही वाटा या निधीत पडतो. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा रेंज नसलेल्या गावातल्या माणसानेही वाढीव दर भरला. म्हणजे त्याने दोनदा पैसे दिले, एकदा न मिळालेल्या सेवेचे आणि एकदा ती सेवा मिळावी म्हणून असलेल्या निधीचे. आणि या निधीतले हजारो कोटी रुपये वर्षानुवर्षे अखर्चित पडून राहिले. अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीचे काय होते हे ज्या चळवळीने पाहिले आहे, तिला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. २०२२ मध्ये सिग्नल नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. आकडे पाहिले तर गावागावात नेट ओसंडून वाहायला हवे. प्रत्यक्षात आम्ही गेलो त्या पंचायतींच्या कार्यालयांत काय दिसले? कोपऱ्यात भिंतीवर एक पेटी. कुठे दिवा लागत नाही, कुठे केबल रस्त्याच्या कामात तुटलेली, कुठे पेटी चालू पण खोलीला कुलूप आणि किल्ली ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा येणार. हा १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव नाही तर काय आहे? कागदावर खुले, व्यवहारात बंद.

इथे काही मित्र म्हणतील की हा शहर विरुद्ध खेडे असा प्रश्न आहे, यात जात कुठे आली? सिग्नलला जात कळत नाही हे खरे. पण सिग्नल येतो त्या वाटेवर सगळीकडे जात बसलेली आहे.

टॉवर उभा राहतो तो जमीनमालकाच्या शिवारात किंवा त्याच्या गच्चीवर, भाडे त्याला. आपले बहुतेक लोक भूमिहीन, त्यांची वस्ती गावाच्या कडेला किंवा ओढ्यापलीकडे. पंचायतीचे वायफाय कार्यालयाच्या पन्नास पावलांत चालते. त्या ओट्यावर संध्याकाळी कोण बसते आणि कोणाच्या मुलीला तिथे उभे राहून फॉर्म भरता येतो, हे गावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ठाकूर, कातकरी पाड्यांची गोष्ट तर याहून पुढची. तिथे पेटीही नाही आणि ओटाही नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरातील ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के घरांत. त्या १५ टक्क्यांत वस्ती आणि पाडा कुठे असतील याचा अंदाज तुम्हीच करा. दोन वर्षांनी टाळेबंदी आली, शाळा मोबाईलवर गेली. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीला अभ्यासासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावे लागले. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले. जिद्द होतीच. पण तिला डोंगरावर कोणी पाठवले, हा प्रश्न कौतुकात विरून गेला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते. खेडे हे त्यांच्या लेखी अज्ञान आणि संकुचितपणाचे घर होते, कारण तिथे अस्पृश्याचे प्रत्येक काम कोणाच्या तरी दारातून जाते. म्हणून त्यांनी आपल्याला शहराची वाट दाखवली. आमच्या आजोबांच्या पिढीने ती धरली आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत वस्त्या वसवल्या. आज त्याच शहराचा एक तुकडा फोनमधून खेड्यात पोहोचू शकतो. दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात दहा खेटे नकोत. नोकरीची जाहिरात पाटलाच्या पोराकडून कळायला नको. अत्याचार झाला तर पोलीस पाटलाच्या तोंडाकडे न पाहता व्हिडीओ आणि तक्रार थेट बाहेर जाऊ शकते. १९२० साली 'मूकनायक'ची साधी जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नव्हती. आज आपल्याला कोणाच्या छापखान्याची भीक मागावी लागत नाही. पण हे सगळे नेट असेल तर. नेट नसेल तर गावाची जुनी दारे जशीच्या तशी उभी राहतात आणि त्या दारांत तेच जुने लोक. ज्या गावात नेट चालत नाही तिथे अर्जाला तलाठीही लागतो आणि वर ओटीपीही.

सरकारने दार ऑनलाइन केले आणि रस्ता केलाच नाही, ही आपली खरी तक्रार आहे. शिष्यवृत्ती ऑनलाइन, जात पडताळणी ऑनलाइन, रेशन अंगठ्यावर, रोजगार हमीची हजेरी जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मोबाईलच्या फोटोवर. फोटो अपलोड झाला नाही तर घाम गाळूनही हजेरी लागत नव्हती. अंगणवाडी सेविकांना दिलेले निकृष्ट मोबाईल त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये आंदोलन करून सरकारला परत केले. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा नंदुरबारच्या दुर्गम भागात बायका रेंजसाठी डोंगर चढल्याच्या बातम्या आल्या. ओटीपी दहा मिनिटे जगतो, टेकडी चढायला वीस मिनिटे लागतात. हा हिशेब मंत्रालयात कोणी केला होता का?

शिष्यवृत्ती म्हणजे काही दयेची खैरात नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले, शिक्षणासाठी पैसा मागितला आणि मिळवला. आजची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती त्या वाटेवरूनच १९४४ पासून आली आहे. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडून ओढून आणलेली गोष्ट आमच्या मुलीच्या हातून एका न उघडलेल्या पानामुळे निसटते आणि आपण 'रेंज नव्हती' म्हणून गप्प बसतो. याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

बदलापूरकरांना नेट नसणे म्हणजे काय ते ऑगस्ट २०२४ मध्ये कळले. शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या संतापातून २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि त्यानंतर शहरातले इंटरनेट बंद करण्यात आले. व्यापारी ओरडले, विद्यार्थी ओरडले, आम्हीही ओरडलो. ओरडणे योग्यच होते. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की इंटरनेटवरून बोलण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ खाली सुरक्षित आहे. बंदीचा आदेश जाहीर केला पाहिजे, ती बेमुदत असू शकत नाही, तिचा फेरआढावा झाला पाहिजे. आता आमचा प्रश्न ऐका. शहरात बंदी घालायला आदेश लागतो, म्हणून त्याला आव्हान देता येते. पाड्यावर जी बंदी वर्षानुवर्षे चालू आहे तिला आदेशच नाही. मग आव्हान कशाला द्यायचे? जी बंदी कोणी घातलीच नाही असे दाखवले जाते, ती सर्वांत पक्की बंदी असते. अस्पृश्यतेचे बहुतेक नियमही कोणत्या सरकारी आदेशात लिहिलेले नव्हते.

न्यायालये मात्र पुढे सरकत आहेत. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि त्यात ग्रामीण व वंचित घटकांचाही उल्लेख केला. म्हणजे आपला '१९२३ चा ठराव' मंजूर झाला आहे. तळ्यावर जाणे बाकी आहे.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप आपल्याच ज्येष्ठांचा असतो: "आधी पाणी, भाकरी, जमीन. नेटचे काय घेऊन बसलात?" काका, तुमच्या काळात पाण्यासाठी मोर्चा काढला की तहसीलदार निवेदन घ्यायला बाहेर यायचा. आज तो सांगतो, पोर्टलवर टाका. भाकरीचे रेशन अंगठ्याच्या मशीनवर अडते. नेट हा पाणी आणि भाकरीच्या विरोधातला प्रश्न राहिलेला नाही, त्यांच्याकडे जाण्याची वाट तीच झाली आहे.

दुसरा आक्षेप: "पोरे रील बघतात." डोंबिवलीतली आणि पुण्यातली पोरेही बघतात. म्हणून तिथली केबल कापा असे कोणी म्हणत नाही. आपल्या मुलांना मात्र हक्क देण्याआधी चारित्र्याचा दाखला मागितला जातो. अस्पृश्यांनी आधी स्वच्छ राहावे, मग तळ्यावर यावे, असे सांगणारे लोक महाडच्या काळातही होते.

तिसरा आक्षेप: "आता उपग्रहावरून नेट येणार आहे." नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी तसे आशयपत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावे आहेत. यावे, जरूर यावे. पण पंचायतीच्या भिंतीवरची पेटी चालू ठेवता आली नाही, तिच्या किल्लीचा हिशेब कोणी दिला नाही. आकाशातून आलेल्या नेटची किल्ली कोणाकडे राहील? बिल कोण भरेल? तंत्र बदलल्याने मालकी बदलत नाही, हे आपण गिरण्यांपासून पाहत आलो आहोत.

मित्रांनो, व्यवस्थेला जाब विचारताना स्वतःलाही विचारू. आम्ही कात्रपमध्ये राहतो. आमच्या इमारतीपर्यंत फायबर आली, घरात वायफाय लागले आणि आम्ही गावाकडचा भाऊ विसरलो. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात वस्तीतल्या एका अभ्यासिकेचे वर्षभराचे ब्रॉडबँड चालते. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण बॅनरवर छापतो. पण शिकणाऱ्या मुलीचा फॉर्म अडला तेव्हा आपण किती जण तिच्या गावात गेलो? त्या मुलीच्या बाबतीत आम्हीही उशिरा पोहोचलो. ते आमच्या मनाला लागले आहे आणि म्हणून हे लिहितो आहोत.

तर करायचे काय?

एक, तातडीचे. जोपर्यंत रेंज येत नाही तोपर्यंत मुलांचे नुकसान थांबवा. अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, पोर्टल सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात भरा. सगळे दाखले आधीच स्कॅन करून फोनमध्ये साठवा. अर्ज भरला म्हणजे काम संपले असे समजू नका, दर आठवड्याला कोणीतरी त्याची स्थिती पाहिली पाहिजे. शहरातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने गावाकडच्या पाच मुलांची ही जबाबदारी घ्यावी. पण ही मलमपट्टी आहे हे विसरू नका. मलमपट्टीलाच चळवळ समजलो तर आपण डोंगरावरच्या झोपडीचे कौतुक करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू.

दोन, माहितीचा अधिकार. आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी कोणत्या तारखेला झाली, गेल्या बारा महिन्यांत किती दिवस चालू होती, बिघाडाची तक्रार कधी केली आणि खोली किती वाजता उघडते, एवढे चारच प्रश्न विचारा. अर्ज पंचायतीकडेही करा आणि जिल्हा परिषदेकडेही.

तीन, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा होते. तिथे ठराव मांडा की पंचायतीचे नेट वस्तीच्या समाजमंदिरापर्यंत आणि पाड्याच्या शाळेपर्यंत यावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला ते विचारा आणि त्यातून अभ्यासिका व वायफायची मागणी करा. ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

चार, कंपनी. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना कुठे कोणती सेवा आहे याचा नकाशा संकेतस्थळावर दाखवावा लागतो. आपले गाव त्या नकाशात हिरवे दिसते आणि प्रत्यक्षात फोन मुका असेल, तर हीच तुमची तक्रार. स्क्रीनशॉट काढा, तारीख टाका, १९८ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त काळ ठप्प राहिली तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. एकट्याची तक्रार फायलीत जाते. एका गावातून शंभर जणांची तक्रार एकाच दिवशी गेली तर दखल घ्यावी लागते.

पाच, विहार. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली. तिच्यात लहान दुकानदार, संस्था किंवा व्यक्ती परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकते, पूर्वी एसटीडीचा बूथ असायचा तसे. ज्या गावापर्यंत केबल आली आहे तिथल्या विहारात असे केंद्र का नसावे? बुद्धमूर्तीसमोर वंदना आणि बाजूच्या खोलीत मुलांचा अभ्यास, ही बाबासाहेबांना आवडणारीच जागा होईल. तिथे ठाकूर, कातकरी आणि गावातली कोणत्याही जातीची गरीब मुलेही येऊ द्या. चवदार तळे आपण फक्त आपल्यासाठी खुले केले नव्हते.

सहा, सरकारकडे एकच मागणी, सगळ्या संघटनांनी मिळून. ज्या गावात सेवा नाही तिथल्या अर्जदाराला तारीख चुकली म्हणून शिष्यवृत्ती, दाखला किंवा रेशन नाकारता येणार नाही असा शासन निर्णय काढा. प्रत्येक ऑनलाइन अर्जाला कागदी पर्याय तहसीलमध्ये आणि पंचायतीत ठेवा. रस्ता बांधून होईपर्यंत दार उघडे ठेवणे हे दार बांधणाऱ्याचे काम आहे.

त्या मुलीला आम्ही पुन्हा भेटलो. यंदा ती पुन्हा प्रवेश घेणार आहे. कारखान्यातून सुट्टी मिळाली की रविवारी ती आमच्या टेबलावर येते आणि आता दुसऱ्यांचे अर्ज भरते. कोणी म्हणाले की आमच्याकडे रेंज नाही, तर ती गावाचे नाव, पंचायतीचे नाव आणि तारीख एका वहीत लिहून घेते. ती वही आता बरीच भरली आहे. येत्या ग्रामसभेला त्यातल्या प्रत्येक गावात आपला एक तरी कार्यकर्ता उभा राहिला पाहिजे. तुमच्या गावाचे नाव त्या वहीत असेल, तर तो कार्यकर्ता तुम्ही आहात.

जय भीम! जय संविधान!